टीव्ही भिंतीवर लावायचा: स्वतः की फिटरकडून? पूर्ण हिशोब



आमच्या कराडच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी हा संवाद होतो. टीव्ही पसंत झालेला असतो, भाव तुटलेला असतो, बिल करायला घेतलं की गिऱ्हाईक विचारतं, "फिटिंगचे साडेचारशे कशाला? माझ्याकडे ड्रिल आहे, मी लावतो घरी." पूर्वी मी लगेच म्हणायचो, "राहू द्या साहेब, फिटिंग आपल्याकडून फ्री." आता म्हणत नाही. फ्री का बंद केलं ती गोष्ट पुढे येईलच, कारण ती मला चांगलीच महाग पडली. आधी हिशोब करू.

आजचा धडा टीव्हीचा असला तरी दुकानदार, सलूनवाले, लॉजवाले, क्लासवाले सगळ्यांच्या कामाचा आहे. 'आपणच करू, पैसे वाचतील' हा निर्णय आपण धंद्यात रोज घेतो आणि तो कागदावर क्वचितच मांडतो. टीव्हीचं काम लहान आहे, सगळे आकडे एका पानात मावतात, म्हणून उदाहरण म्हणून तेच घेतलं. वही-पेन घेऊन बसा.

समोर दिसणारा खर्च

समजा ४३ इंची टीव्ही आहे, किंमत २६,००० रुपये. खाली जे दर लिहितोय ते आमच्या बाजारातले साधारण आहेत. तुमच्या गावात शंभर-दोनशे इकडे-तिकडे होतील, तुम्ही तुमचे टाका.

फिटरकडून केलं तर साधं फिक्स ब्रॅकेट ४५० आणि फिटिंग ४५०, मिळून ९००. फास्टनर त्याचे, ड्रिल त्याचं.

स्वतः केलं, आणि घरात काहीच सामान नसेल, तर ब्रॅकेट ४५०, बरं हॅमर ड्रिल २,२००, ८ आणि १० एमएमचे दोन बिट १४०, फास्टनर ६०, पाणसळ म्हणजे लेव्हलची बाटली १२०. बेरीज २,९७०. एका टीव्हीसाठी हे करणारा माणूस हिशोबी नव्हे, हौशी आहे. हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिला बचत म्हणू नका.

तिसरा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो. ड्रिल मेव्हण्याचं किंवा शेजाऱ्याचं मागून आणायचं. मग ब्रॅकेट ४५०, नवा बिट ७०, फास्टनर ६०, म्हणजे ५८०. लेव्हल मोबाइलवर बघायची.

म्हणजे फिटरच्या तुलनेत वाचले ९०० वजा ५८०, बरोबर ३२० रुपये. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा, पुढचा सगळा धडा या ३२०भोवती फिरणार आहे.

वेळ

पहिल्यांदा करणाऱ्याला तीन तास लागतात. दीड तास भिंतीवर आणि दीड तास 'तो ८ नंबरचा बिट कुठं ठेवला' यात. रविवारी घरी मोकळे असाल तर या वेळेची किंमत शून्य धरा, माझी हरकत नाही. पण आमच्या शेजारच्या गल्लीतल्या सलूनवाल्या दादांनी शनिवारी दुपारी दुकानातला टीव्ही स्वतः लावायला घेतला. शनिवार म्हणजे त्यांचा गर्दीचा वार. तीन तासांत सहा गिऱ्हाइकं परत गेली, शंभर रुपयांनी सहाशे. ३२० वाचवायला ६०० घालवले. दादांना अजून वाटतं की फिटिंग फुकटात झालं, कारण सहाशे रुपये गल्ल्यातून *गेले* नाहीत, ते *आलेच* नाहीत. न आलेला पैसा आपल्याला दिसत नाही. आमच्या बीबीएच्या पुस्तकात याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणायचे, परीक्षेत मी त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आणि दुकान टाकल्यावर पाच वर्षं विसरून गेलो होतो.

आता भिंत

खर्चाच्या बाजूला आपण ब्रॅकेट, ड्रिल, मजुरी लिहितो आणि भिंतीला विसरतो. खरं तर निम्मा निर्णय तिथेच होतो. टीव्ही ब्रॅकेटवर टांगलेला असतो, ब्रॅकेट फास्टनरवर, आणि फास्टनर कशावर? भिंतीच्या आत जे आहे त्यावर. वरून सगळ्या भिंती सारख्याच दिसतात, पुट्टी आणि रंग. आत काय आहे ते होल मारताना पडणारी पूड सांगते.

सुरुवातीला प्लॅस्टरची पूड येते, ती सोडून द्या. आतल्या बाजूचं प्लॅस्टर साधारण १२ ते १५ एमएम असतं, जुन्या घरात थर चढत गेलेले असले तर जास्त. हे लक्षात ठेवा, कारण प्लॅस्टर वजन धरत नाही. तुमचा फास्टनर ५० एमएमचा असेल आणि १५ प्लॅस्टरमध्ये गेले तर कामाचे उरले ३५.

प्लॅस्टरनंतर लाल पूड आली तर वीट. आनंदाने लावा. फक्त होल दोन विटांच्या सांध्यात गेलं आणि बिट एकदम सैल आत घुसला तर ते होल सोडा, इंच-दोन इंच बाजूला घ्या.

करडी, बारीक पूड, आणि बिट जेमतेम पुढे सरकतोय, हात भरून आलाय, तर आरसीसी. बीम, कॉलम, किंवा नव्या टॉवरमधली मायवानची अख्खी काँक्रीट भिंत. मजबुतीला एक नंबर, पण घरगुती ड्रिल तिथे रडतं. त्याला रोटरी हॅमर लागतं. बिट 'टक्' करून थांबला तर सळई लागली असं समजा आणि जोर करू नका.

पांढुरकी, पिठासारखी पूड, आणि बिट लोण्यात सुरी जावी तसा आत गेला तर सावध. तो एएसी ब्लॉक आहे, आपल्याकडे बरेच जण सिपोरेक्स म्हणतात. वजनाला हलका, बांधायला पटकन होतो, म्हणून नव्या बिल्डिंगांत जिकडे तिकडे तोच. यात साधी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकायची नाही. लोखंडी फुगणारा फास्टनरही नाही, तो फुगताना आजूबाजूचा ब्लॉकच चुरडतो. याला एएसीसाठी बनवलेले लांब नायलॉन प्लग मिळतात, वजन जास्त असेल तर केमिकल अँकर. आणि होल मारताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर ८ एमएमचं होल १० एमएमचं होतं.

पाटण खोऱ्याकडच्या जुन्या घरांत दगड-मातीच्या भिंती असतात. तिथे बिट आधी काळ्या दगडावर नाचतो आणि मग दोन दगडांमधल्या मातीत जातो. तपकिरी माती पडायला लागली की मी हात जोडतो आणि टेबलावर ठेवायचं स्टँड विकतो. भिंतीवर लावायचाच हट्ट असेल तर आधी गवंड्याकडून जागा पक्की करून घ्या. जिप्समच्या पार्टिशनचं तसंच. बोर्डावर टीव्ही टांगायचा नाही, मागे लोखंडी फ्रेम किंवा जाड प्लाय असेल तर त्यात स्क्रू न्यायचा.

आणि मागच्या बाजूला काय आहे? टीव्हीच्या भिंतीमागे बाथरूम असेल तर आतून पाण्याचा पाइप गेलेला असू शकतो. त्याला बिट लागला की प्लंबर, टाइल, गवंडी, सगळी वरात दारात. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच रेषेत आडवं होल मारायचं नाही, कन्सिल्ड वायरिंग बहुधा तिथूनच जातं. काम सुरू करण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली. 'मग ड्रिल कशावर चालवू?' दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन ओढा.

मी फ्री फिटिंग का बंद केलं

दुकान टाकल्यावर ऑनलाइनवाल्यांशी भावात टिकता येईना, म्हणून मी 'फिटिंग फ्री, ब्रॅकेटही फ्री' असा बोर्ड लावला. तेव्हा असा हिशोब मी केलाच नव्हता. आज करून दाखवतो. २६ हजारांच्या टीव्हीत माझा मार्जिन पाच टक्के, म्हणजे १,३००. ब्रॅकेटची घाऊक किंमत ३००. दुकानातल्या पोराचा पगार १२,०००, दिवस २६, रोजचे १० तास, म्हणजे तासाला ४६ रुपये. जाऊन-येऊन अडीच तास, ११५. पेट्रोल ५०, फास्टनर ४०, बिटची झीज १५. एकूण ५२०. हातात राहिले ७८०, आणि यात दुकानभाडं, लाइट काहीच धरलेलं नाही. म्हणजे 'फ्री' या एका शब्दापायी माझा चाळीस टक्के मार्जिन जात होता आणि मी पोराला सांगत होतो, "आपल्याला काय खर्च आहे रे, आपण तर जातोच."

डिसेंबर २०२२. मलकापूरकडच्या एका नव्या बिल्डिंगमधल्या कुटुंबाला ५५ इंची टीव्ही विकला, ४६ हजारांना. त्यांना मूव्हेबल ब्रॅकेट हवं होतं, म्हणजे हॉलमधून बघताना सरळ आणि किचनमधून बघताना वळवता येणारं. फिटिंगला मी स्वतः गेलो, कारण गिऱ्हाईक ओळखीचं. होल मारताना पांढरी पूड पडली, बिट सरसर गेला. मला काय वाटलं माहितेय? 'वा, आज काम लवकर होणार.' खिशात होत्या त्या साध्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, हाताने ओढून बघितलं, पक्कं वाटलं. चहा झाला, फोटो काढला, दुकानाच्या स्टेटसला टाकला.

अकराव्या दिवशी सकाळी फोन. टीव्ही पडला होता. ब्रॅकेटच्या वरच्या गिट्ट्या भिंतीतून पिठासकट उपटून आल्या होत्या. त्यांची दुसरीतली मुलगी रोज त्याच भिंतीखाली बसून अभ्यास करते. त्या दिवशी ती दप्तर भरायला आत गेली होती. वहिनींनी मला टीव्हीबद्दल एक शब्द ऐकवला नाही. फक्त तिची वही दाखवली, तिच्यात काच घुसली होती. मी त्या हॉलमध्ये उभा राहून काय बोललो ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी नवा टीव्ही पोहोचवला. मला तो ४३,५०० ला पडला. वॉरंटीचा प्रश्नच नव्हता, पडून फुटलेल्या पॅनलला वॉरंटी नसते. ४३,५०० ला ७८० ने भागा. साधारण ५६. म्हणजे ५६ टीव्ही विकून मिळवलेला नफा चार गिट्ट्यांनी खाल्ला. आमच्या गावात ५६ टीव्ही विकायला दिवाळी धरून किती महिने लागतात ते मला विचारा.

नंतर मी शांतपणे गणित मांडलं आणि कळलं की चूक फक्त भिंतीची नव्हती. तो टीव्ही १५ किलोचा. फिक्स ब्रॅकेटवर तो भिंतीपासून चार सेंटीमीटरवर असतो. मूव्हेबलचा हात पूर्ण बाहेर ओढला की चाळीस सेंटीमीटरवर जातो. ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर वीस सेंटीमीटर धरा. आता वरच्या बोल्टना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर किती? वजन गुणिले बाहेरचं अंतर, भागिले बोल्टमधलं अंतर. फिक्सला १५ गुणिले ४ भागिले २०, म्हणजे ३ किलो. मूव्हेबलला १५ गुणिले ४० भागिले २०, म्हणजे ३० किलो. टीव्ही तोच, भिंत तीच, ओढ दहापट. शिवाय कोणी तो ओढतं, वळवतं, पोरं लोंबकळतात, ते वेगळंच. आणि मी दोन्हीला एकच गिट्टी वापरत होतो.

जोखमीला रुपयांत कसं मोजायचं

आता त्या ३२० कडे परत या. ४३ इंची टीव्हीचं पॅनल फुटलं तर बदलायचा खर्च समजा १९,००० धरू. पॅनल हाच टीव्हीतला सगळ्यात महाग भाग, त्यामुळे दुरुस्तीचा आकडा नव्या टीव्हीच्या जवळ जातो आणि बरेच लोक सरळ नवा घेतात. १९,००० ला ३२० ने भागा. उत्तर ५९ च्या आसपास, सोयीसाठी ६०.

याचा अर्थ असा. तुमच्यासारख्या ६० जणांनी स्वतः टीव्ही लावला आणि त्यातल्या एकाचाच फुटला, तर सगळ्यांची मिळून बचत शून्य. दोघांचे फुटले तर सगळे मिळून तोट्यात. आता प्रामाणिकपणे सांगा, पहिल्यांदा ड्रिल हातात धरणाऱ्या ६० माणसांत चुकणारा एकापेक्षा जास्त असेल की नाही? भिंतच कशाला, खोक्यातून काढतानाच टीव्ही मधोमध अंगठ्याने दाबून धरणारे मी पाहिलेत. टीव्ही दोघांनी, उभाच, कडेला धरून उचलायचा. आडवा झोपवायचाच असेल तर गादीवर, तेही कंपनीच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तरच.

हे भागाकाराचं गणित कुठेही वापरा. नुकसानीची रक्कम भागिले वाचणारी रक्कम. उत्तर जितकं लहान तितकं स्वतः करायला हरकत नाही. ३२ इंची टीव्हीचं करून बघू. वजन चार-पाच किलो, पुरा नवा घ्यायचा तरी १०,०००. १०,००० भागिले ३२०, साधारण ३१. वीट असलेली भिंत, फिक्स ब्रॅकेट, हातात आधी चार पडदे-पाइप लावल्याची सवय, मदतीला दुसरा माणूस, तर ३१ मध्ये एकही फुटणार नाही. मग खुशाल लावा, साडेचारशे रुपये मला देऊ नका. ५५ इंची, एएसी ब्लॉक, मूव्हेबल ब्रॅकेट असेल तर वाचणार तेवढेच तीन-चारशे आणि पणाला लागणार चाळीस हजार, म्हणजे उत्तर शंभराच्या पुढे. मीच तिथे हरलो, आणि मी तर रोज हेच करत होतो.

पण फिटर म्हणजे तरी कोण?

इथे दुसरी बाजूही सांगतो. फिटरकडूनही टीव्ही पडतात. मग साडेचारशे कशाचे? अर्धे कामाचे आणि अर्धे जबाबदारीचे. रस्त्यावरून बोलावलेला, २५० घेणारा, बिल न देणारा माणूस काम करून गेला आणि महिन्याने टीव्ही पडला, तर तो फोन उचलणार नाही. म्हणजे तुम्ही पैसेही दिलेत आणि जोखीमही तुमच्याच घरी राहिली. तो सगळ्यात महाग सौदा. त्यापेक्षा मेव्हण्याचं ड्रिल बरं.

म्हणून फिटरला तीन गोष्टी विचारा. भिंत कसली आहे ते तो कसं ओळखतो? फास्टनर कुठला वापरणार, दाखव. आणि बिलावर 'फिटिंग' असं लिहून देणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला चहा पाजून परत पाठवा. कंपनीचा माणूस येणार असेल तर आधी फोनवर विचारून घ्या, ब्रॅकेटचे वेगळे पैसे आहेत का. बऱ्याचदा इन्स्टॉलेशन फ्री असतं आणि ब्रॅकेटला बाजारापेक्षा जास्त लावतात.

ब्रॅकेट स्वतः आणणार असाल तर टीव्हीच्या मागचा व्हेसा आकडा बघून जा. मागच्या चार भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर एमएममध्ये, १०० बाय १००, २०० बाय २०० असं. ब्रॅकेटवर तेच लिहिलेलं असतं. स्क्रू कुठला, एम-४, एम-६ की एम-८, आणि लांबी किती, हे पुस्तिकेत बघा. हाताला लागला तो लांब स्क्रू आवळला तर तो आत जाऊन बोर्डाला लागू शकतो.

उंची? सोफ्यावर बसल्यावर डोळ्यासमोर टीव्हीचा मध्य यावा, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. आपल्याकडे देवाच्या फोटोएवढा उंच लावतात आणि मग मान दुखते म्हणून दुकानात येऊन मूव्हेबल ब्रॅकेट मागतात. सलून, हॉटेलात मात्र उंच ठीक आहे, तिथे ब्रॅकेट खाली झुकणारं घ्या.

एका लॉजवाल्यांचा प्रश्न

महाबळेश्वरच्या एका लॉजवाल्या काकांनी मला विचारलं होतं. १४ खोल्या, १४ टीव्ही, सगळे ३२ इंची. फिटर खोलीमागे ४०० म्हणतोय, फास्टनर धरून, म्हणजे ५,६००. ब्रॅकेट दोन्हीकडे सारखीच, ती बाजूला ठेवू. त्यांचा मेंटेनन्सचा माणूस पगारावर आहे, आणि पाऊस सरल्यावर दिवाळीच्या सीझनआधी त्याला फारसं काम नसतं. म्हणजे त्याच्या वेळेची जादा किंमत जवळपास शून्य. हेच काम मे महिन्यात काढलं असतं तर ती शून्य नसती.

मी त्यांना मधला रस्ता सांगितला. पहिल्या दोन खोल्या फिटरकडून करून घ्या, तुमच्या माणसाला शेजारी उभं करा. त्याचे ८००. मग ड्रिल २,२००, बिट चार नग २८०, उरलेल्या १२ खोल्यांचे फास्टनर ४८०. एकूण ३,७६०. ५,६०० च्या जागी, म्हणजे १,८४० वाचले, ड्रिल लॉजला राहिलं, पुढे गीझर, पडद्याचे रॉड, आरसे सगळं त्यावरच. इथे स्वतः करणं बरोबर, कारण शिकलेलं एकदा नाही, बारा वेळा वापरलं जातंय.

एकच काळजी. तिकडच्या जुन्या इमारतींत जांभा दगड असतो. तो सच्छिद्र, त्यात पावसाची ओल. फास्टनर लांब घ्यायचा आणि ओल पूर्ण सुकल्याशिवाय होल मारायचं नाही. भिंतीला हात लावला आणि गार-ओलसर लागली तर ती भिंत सोडून समोरची धरा.

आता माझा रेट कसा आहे

जानेवारी २०२३ पासून फिटिंगची वेगळी पावती. ४३ पर्यंत फिक्स ब्रॅकेटला ४५०. त्यातले फिटरला पेट्रोलसकट २५०, माल ६०, दुकानाला ४०, आणि १०० रुपये एका वेगळ्या खात्यात. त्या खात्याला आम्ही 'फुटीचा डबा' म्हणतो. मोठे टीव्ही आणि मूव्हेबलला ८००, कारण तिथे फास्टनरही महाग आणि डब्यातही जास्त टाकावे लागतात. भिंतीचा आणि तिच्या मागच्या खोलीचा फोटो आल्याशिवाय फिटर निघत नाही.

पहिल्या काही महिन्यांत गिऱ्हाईक तुटलं. "तुमच्याकडे तर फ्री होतं" असं तोंडावर बोलून गेले लोक. किती तुटलं ते मी तेव्हा लिहून ठेवलं नाही, ती माझी दुसरी चूक. पुढे एक पठडी जमली. गिऱ्हाइकाला म्हणतो, "स्वतः लावा, साडेचारशे वाचतील, मी फास्टनर कुठला घ्यायचा तेही सांगतो. आम्ही लावला तर वर्षभर तो भिंतीवरून पडण्याची जबाबदारी आमची, पावतीवर लिहून." बहुतेक जण दोन मिनिटं विचार करून साडेचारशे देतात. जे देत नाहीत त्यांना मी खरंच फास्टनर सांगतो.

साडेचारशेवाल्या ३४० फिटिंगचे आजवर डब्यात जमले ३४,०००. त्यातून एकदा ४३ इंचीची कड फिटरच्या हातून चौकटीवर आपटली, त्याचे १७,५००. एकदा बाथरूमचा पाइप फुटला, फोटोत मागची खोली नीट दिसत नव्हती, त्याचे ३,८००. शिल्लक १२,७००. दोन्ही वेळा मी गिऱ्हाइकाच्या घरी गेलो तेव्हा पैशाची चिंता डोक्यात नव्हती, म्हणून नीट बोलता आलं.

गृहपाठ: तुमच्या धंद्यात तुम्ही गिऱ्हाइकाला फ्री देता असं एक काम निवडा. डिलिव्हरी असेल, अल्टरेशन असेल, सर्व्हिसिंग असेल. चार रकाने करा: सामान, माणसाचा वेळ तासाच्या दराने, पेट्रोल, आणि चुकलं तर भरावे लागणारे पैसे भागिले कितीतून एकदा चुकतं ती संख्या. बेरीज तुमच्या मार्जिनशेजारी लिहा आणि मला पाठवा. आणि टीव्ही घरी स्वतःच लावायचं ठरलं असेल तर होल मारल्यावर पडलेल्या पुडीचा फोटो पाठवा, प्लॅस्टरची नको, त्याच्या आतली. सोबत भिंतीच्या मागे काय आहे तेही लिहा.